एका इन्स्टॉल स्क्रिप्टची साफसफाई

आपल्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये टीव्हीच्या मागे एक काळा डबा ठेवलेला आहे, तो तुम्ही पाहिला असेल. कोणी त्यावर चहाचा कप ठेवतं, कोणी मोबाइल चार्जिंगला लावतं. त्या डब्यात आपली नोट्सची साइट आहे. जुने पेपर, सोडवलेली गणितं, प्रॅक्टिकलचे रीडिंग, मेसचा मेनू, सगळं त्यात. इंटरनेट बंद असलं तरी हॉस्टेलच्या वायफायवर ती उघडते, म्हणून परीक्षेच्या आठवड्यात तिला फार भाव येतो. आत मीडियाविकी नावाचं सॉफ्टवेअर आहे. मराठी विकिपीडिया ज्यावर चालतो तेच. फुकट आहे, कोणीही आपल्या कॉम्प्युटरवर टाकू शकतं.

"टाकू शकतं" म्हणणं सोपं आहे. हा लेख त्या टाकण्याबद्दलच आहे.

आमच्या एका सीनिअर ताईने २०१८ साली ही साइट उभी केली आणि जाताना एक इन्स्टॉल स्क्रिप्ट लिहून ठेवली. इन्स्टॉल स्क्रिप्ट म्हणजे कमांड्सची एक फाइल. आपण एकेक कमांड हाताने टाइप करण्याऐवजी ती फाइल चालवायची, की ती वेब सर्व्हर टाकते, डेटाबेस टाकते, फोल्डर बनवते, पासवर्ड लावते. ताईची स्क्रिप्ट ४१२ ओळींची होती. सुरुवातीला मोठ्या अक्षरात हॉस्टेलचं नाव यायचं, मग रंगीत रेषा, मग एकूण १९ प्रश्न. त्या वेळी ती छान चालली असणार, त्यात शंका नाही. पुढची कित्येक वर्षं कोणाला ती परत चालवायची वेळच आली नाही.

गेल्या मे महिन्यात ती आली. वर्ध्याचा मे कसा असतो ते सांगायला नको. लाइट जायची, यायची, आणि एका दुपारी डब्यातली हार्ड डिस्क गेली ती गेलीच. नवीन डिस्क वर्गणीतून आणली, देबियन १२ टाकलं आणि मी मोठ्या उत्साहाने ताईची स्क्रिप्ट चालवली. १९ प्रश्नांची उत्तरं दिली (डेटाबेसचा पोर्ट? टेबलांचा प्रीफिक्स? मला काय माहीत! सगळीकडे एंटर मारलं). स्क्रीनवर भराभर ओळी गेल्या, शेवटी हिरव्या अक्षरात आलं, "इन्स्टॉलेशन सक्सेसफुल". ब्राउझर उघडला तर पांढरं पान.

कारण नंतर कळलं. स्क्रिप्ट पीएचपी ७.० या नावाची पॅकेजेस मागत होती. २०१७ च्या देबियन ९ मध्ये ती होती. देबियन १२ मध्ये पीएचपी ८.२ आहे, जुन्या नावाचं काहीच मिळत नाही. म्हणजे स्क्रिप्टची तिसरी का चौथी पायरीच फेल झाली होती. पण शेलची सवय अशी की एक कमांड फसली तरी तो पुढची घेतो, मग त्याच्या पुढची. शेवटच्या ओळीत "सक्सेसफुल छाप" एवढंच लिहिलेलं, ते त्याने प्रामाणिकपणे छापलं.

मी पॅकेजांची नावं बदलली, साइट सुरू झाली, जुन्या बॅकअपमधून काही पानं परत आणली. जुलैमध्ये ज्युनिअर्स कामाला लागल्या. तीन आठवड्यांत चाळीसेक नवीन पानं झाली. त्यात एका फर्स्ट इयरच्या मुलीने गणिताचे सोडवलेले पेपर स्वतः टाइप करून टाकले होते, रात्री मोबाइलवर, एकेक समीकरण. मग कोणीतरी सांगितलं की फोटो अपलोड होत नाहीत. फोटोंसाठी पीएचपीचं एक पॅकेज राहिलं होतं. मी ते नाव स्क्रिप्टमध्ये वाढवलं आणि स्क्रिप्ट पूर्ण परत चालवली.

एकतिसाव्या ओळीवर लिहिलेलं होतं: आधीचा डेटाबेस असेल तर काढून टाक.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी माझ्या रूमवर आली. "ताई, माहे सारे पानं कुठी गेले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते "मी उडवले" असं होतं, आणि ते मला सांगावं लागलं. तिने काही पानं परत टाइप केली, काही नाही केली. त्यानंतरच्या दोन रविवारांत मी ती स्क्रिप्ट साफ केली. आता ती ५८ ओळींची आहे. काय काढलं आणि काय का ठेवलं, ते लिहिते. ज्यांना प्रोजेक्टमध्ये असं काही करायचं असेल त्यांना उपयोग होईल. (कमांड्स इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर कृपा करून इंग्रजीतच टाइप करा.)

थांबायला शिकवणं

पहिली नवीन ओळ "सेट -ई". ही ओळ वर असली की कुठलीही कमांड फसली की स्क्रिप्ट तिथेच थांबते. तिच्या जोडीला "सेट -यू": ज्या व्हेरिएबलला किंमतच दिली नाही ते वापरलं तर थांब. आणि "पाइपफेल": पाइपने जोडलेल्या कमांड्सपैकी मधली फसली तरी फसलं असं समज, नाहीतर शेल फक्त शेवटचीच बघतो. हे रामबाण नाही. "इफ"च्या अटीत फसलेली कमांड "सेट -ई" मोजत नाही, हे लक्षात ठेवावं लागतं. पण या तीन गोष्टींनी माझ्या पांढऱ्या पानाचं कारण दहा सेकंदांत स्क्रीनवर दिसलं असतं.

ही किरकोळ बाब वाटत असेल तर दोन गोष्टी सांगते. २०११ साली बंबलबी नावाच्या एका लिनक्स प्रोजेक्टच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये "आरएम -आरएफ" या पुसणाऱ्या कमांडपुढच्या पत्त्यात "यूएसआर"नंतर चुकून एक स्पेस पडली. एका पत्त्याचे दोन पत्ते झाले, आणि ज्यांनी ती स्क्रिप्ट चालवली त्यांचं अख्खं "यूएसआर" फोल्डर, म्हणजे जवळजवळ सगळे प्रोग्राम, पुसलं गेलं. एका स्पेसने! आणि २०१५ च्या जानेवारीत स्टीम या गेमवाल्या सॉफ्टवेअरच्या लिनक्स स्क्रिप्टमध्ये असं सापडलं की ज्या व्हेरिएबलमध्ये फोल्डरचा पत्ता यायचा ते काही वेळा रिकामं राहतं. रिकामा पत्ता, पुढे तिरकी रेघ आणि तारा. म्हणजे मुळापासून जे जे पुसता येईल ते पुस. लोकांच्या घरच्या फाइल्स गेल्या. या दोन्ही ठिकाणी लिहिणारे आपल्यापेक्षा शंभरपट अनुभवी होते.

म्हणून माझ्या स्क्रिप्टमध्ये आता पुसणारी कमांड एकही नाही. जुनं काही नको असेल तर नाव बदलून बाजूला ठेवायचं. जागा थोडी जास्त लागते, लागू दे.

दुसऱ्यांदा चालवली तर?

माझी मुख्य चूक इथे होती, म्हणून जरा सविस्तर सांगते. ताईची स्क्रिप्ट एकदाच चालवायसाठी लिहिलेली होती. पण स्क्रिप्ट एकदाच चालते हे फक्त लिहिणाऱ्याच्या मनात असतं. प्रत्यक्षात मध्येच लाइट जाते, नेट तुटतं, काहीतरी राहून जातं, आणि माणूस सर्वात आधी काय करतो? परत चालवतो.

रूममधल्या लाइटचं उदाहरण घ्या. "बटण दाब" ही सूचना दुसऱ्यांदा पाळली तर लाइट बंद होते. "लाइट चालू असू दे" ही सूचना दहा वेळा पाळली तरी लाइट चालूच. स्क्रिप्टमधली प्रत्येक ओळ दुसऱ्या प्रकारची हवी. काही कमांड्सना ही सोय असतेच. "मेकडिर"ला "-पी" दिलं की फोल्डर आधीच असला तर ती कुरकुर करत नाही. पॅकेज टाकणारी "ऍप्ट" आधीच टाकलेलं पॅकेज परत टाकत नाही. गडबड होते ती सेटिंगच्या फाइलमध्ये शेवटी ओळ जोडण्यात. ताईच्या स्क्रिप्टने दर वेळी अपाचेच्या मुख्य फाइलच्या शेवटी सहा ओळी जोडल्या होत्या. तीनदा चालवली, अठरा ओळी. आता आपल्या सेटिंग्जची वेगळी छोटी फाइल आहे आणि ती दर वेळी पूर्ण नव्याने लिहिली जाते. दहा वेळा लिहा, मजकूर तोच.

आणि डेटाबेस? मीडियाविकी एकदा इन्स्टॉल झालं की "लोकलसेटिंग्ज" नावाची फाइल बनते. स्क्रिप्ट आता आधी ती फाइल आहे का बघते. नसेल तर मीडियाविकीच्याच मेंटेनन्स फोल्डरमधला इन्स्टॉल प्रोग्राम चालवते. असेल तर तारखेच्या नावाने डेटाची कॉपी बनवते आणि नुसता अपडेट प्रोग्राम चालवते. आठ ओळी आहेत. त्या माझ्याकडे ऑगस्टमध्ये असत्या तर!

काढून टाकणं हेच मोठं काम

सगळ्यात जास्त ओळी गेल्या त्या हुशारीने लिहून नाही, तर एक निर्णय बदलल्यामुळे. मूळ साइट मारियाडीबी या डेटाबेस सर्व्हरवर होती. तो टाकायचा, त्याचा रूट पासवर्ड, मग मीडियाविकीसाठी वेगळा यूजर, त्याला परवानग्या, तो बूटच्या वेळी सुरू होतो की नाही ते बघायचं. ४१२ पैकी जवळपास शंभर ओळी आणि १९ पैकी ७ प्रश्न एवढ्यासाठीच होते. मीडियाविकीला एसक्यूलाइटही चालतं. रिचर्ड हिप यांनी २००० साली काढलेला हा डेटाबेस म्हणजे वेगळा सर्व्हरच नाही, एक फाइल असते. आपल्या फोनमधल्या कितीतरी ऍप्समध्ये तोच असतो. त्यात एका वेळी एकच जण लिहू शकतो ही मर्यादा आहे. पण आपल्याकडे वाचणाऱ्या दोनशे आणि लिहिणाऱ्या पाच-सहा. एखाद्या बँकेला हे चालणार नाही, आपल्याला चालतं. बॅकअपही त्यामुळे एका फाइलचा झाला. फक्त साइट चालू असताना ती साधी कॉपी-पेस्ट करू नये, एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप कमांड वापरावी, नाहीतर अर्धवट लिहिलेली कॉपी मिळू शकते.

मीडियाविकी डाउनलोड करून झिप उघडून जागेवर ठेवायच्या चाळीस ओळीही गेल्या, कारण देबियनमध्ये मीडियाविकीचं तयार पॅकेज आहे. पीएचपीच्या बाबतीत नंबरवालं नाव न देता नुसतं "पीएचपी" मागितलं की त्या देबियनची जी आवृत्ती असेल ती येते. ज्या पाच प्रकारच्या लिनक्ससाठी फाटे फोडले होते त्यातले चार काढले, कारण हॉस्टेलमध्ये डबा एकच आहे. रंग काढले, नाव काढलं (ताई, माफ कर).

प्रश्नांसाठी मी एक कसोटी लावली: उत्तर देणाऱ्या मुलीला स्क्रिप्टपेक्षा जास्त माहीत आहे का? नसेल तर विचारायचंच नाही. डब्याचा पत्ता कॉम्प्युटर स्वतः सांगू शकतो, "होस्टनेम -आय" म्हटलं की झालं. राउटरमध्ये तो पत्ता कायमचा बांधून ठेवला आहे. पासवर्ड तर माणसाला विचारूच नये, माणूस १२३४५६ टाकतो. जुन्या स्क्रिप्टमध्ये तो सरळ फाइलमध्येच लिहिलेला होता आणि सगळ्या हॉस्टेलला पाठ होता. आता स्क्रिप्ट स्वतः एक विचित्र पासवर्ड बनवते आणि फक्त रूटला वाचता येईल अशा फाइलमध्ये ठेवते. १९ प्रश्नांतला एकच उरला: ऍडमिनचं नाव काय ठेवायचं.

मुंबईचं उदाहरण

हे सगळं मला सुचलं अशी फुशारकी मारत नाही. महाराष्ट्रातच याचं मोठं उदाहरण आहे. मुंबईत २००८ साली रुषभ मेहता यांनी सुरू केलेली कंपनी, आता फ्रॅपे नावाने ओळखली जाते, ईआरपीनेक्स्ट बनवते. हिशेब, स्टॉक, पगार, खरेदी-विक्री, असं कारखान्याचं सगळं एका वेब ऍप्लिकेशनमध्ये. ते जीपीएल लायसन्सखाली खुलं आहे, कोणीही आपल्या सर्व्हरवर टाकू शकतं. पण टाकायला लागतं काय काय: पायथन, मारियाडीबी, रेडिस, नोड, एनजिनएक्स, सुपरवायझर. पीडीएफ बिलं छापायला वेगळा प्रोग्राम, आणि तोही लिनक्सबरोबर येतो तो नेहमी चालत नाही, कारण त्यात पानाच्या वरचा-खालचा मजकूर नीट येत नाही. शिवाय मारियाडीबीची अक्षरांची सेटिंग बदलावी लागायची, नाहीतर चार बाइटची अक्षरं, उदाहरणार्थ इमोजी, त्यात मावत नाहीत. (आपली देवनागरी अक्षरं प्रत्येकी तीन बाइटची.)

त्यांची सुरुवातीची सोपी वाट म्हणजे एक लांब शेल स्क्रिप्ट होती. सेंटओएस असेल तर हे, उबुंटू असेल तर ते, असे फाटे. मग त्यांनी तेच काम ऍन्सिबलवर नेलं. ऍन्सिबलची कल्पना वरच्या लाइटसारखीच आहे: काय कर हे नाही, काय असलं पाहिजे हे लिहायचं. आणि पुढे सोपी स्क्रिप्ट डॉकरवर गेली: सगळे भाग आधीच बांधलेल्या डब्यांमधून येतात, स्क्रिप्ट फक्त डबे मांडते. जुन्या स्क्रिप्टबरोबर ते स्पष्ट सांगायचे की ही कोऱ्या सर्व्हरवरच चालवा, कारण ती आपल्या मनाप्रमाणे मशीनची मांडणी करते. मला हा प्रामाणिकपणा आवडला. आता माझ्या स्क्रिप्टची पहिली ओळही हेच सांगते.

मग आपणही डॉकरच का नाही, असं माझ्या ब्रँचच्या मुलांनी विचारलं. "एका ओळीत काम होते न!" होतं, मान्य. ईआरपीनेक्स्टसारख्या सात-आठ भागांच्या गाड्याला तेच योग्य आहे. पण ती एक ओळ शेकडो एमबी उतरवून घेते, आणि काही बिघडलं की आधी डॉकर समजून घ्यावं लागतं, मग आतलं. आपल्याला दोनच भाग लागतात, अपाचे आणि पीएचपी. पुढच्या वर्षी हे सांभाळणारी मुलगी सिव्हिलची असेल की मेकॅनिकलची, कोणाला ठाऊक. तिला ५८ ओळी वाचून समजतील.

यावरून एक आठवलं. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात तुम्ही गेला असाल तर तिथे चरख्यांचे किती प्रकार आहेत ते पाहिलं असेल. गांधीजींच्या चरखा संघाने १९२९ साली सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी वाचण्यासारख्या आहेत: किंमत १५० रुपयांच्या वर नको, खेड्यातल्या झोपडीत बाईला तो थकवा न येता तासन्तास चालवता यावा, वीस वर्षं टिकावा. बक्षीस कोणालाच मिळालं नाही. वेगवान यंत्र बनवणं जमत होतं. या अटींत बसणारं बनवणं कठीण होतं.

तपासणी

स्क्रिप्ट तयार झाल्यावर मी ती व्हर्च्युअल मशीनवर अकरा वेळा चालवली. कोऱ्या मशीनवर, लगेच परत, मध्ये नेटची वायर काढून, मध्येच मशीन बंद करून. त्यात दोन चुका सापडल्या. एक म्हणजे स्क्रिप्ट रूट म्हणून चालवली नाही तर अर्ध्यात अडकायची. आता रूट आहे का, डिस्कवर जागा आहे का, नेट आहे का, हे सगळं अगदी वर, काहीही हात लावण्याआधी तपासलं जातं. दुसरी अजून गमतीची. स्क्रिप्ट नेटवरून उतरवत असतानाच थेट शेलला दिली आणि मध्येच नेट तुटलं, तर शेल जेवढ्या ओळी आल्या तेवढ्या चालवून मोकळा होतो. उपाय सोपा आहे. सगळं काम "मेन" नावाच्या एका फंक्शनमध्ये टाकायचं आणि त्याला शेवटच्या ओळीत हाक मारायची. शेवटची ओळ आली नाही तर काहीच होत नाही.

मग खरी परीक्षा. स्क्रिप्ट आणि एक कागद मी त्याच फर्स्ट इयरच्या मुलीला दिला आणि शेजारी गप्प बसले. ती दोन ठिकाणी अडली. "रूट म्हणून चालवा" म्हणजे काय ते तिला कळेना, म्हणून आता मेसेजमध्ये कमांड पूर्ण लिहिली आहे, समोर "सुडो" लावून. आणि शेवटी स्क्रिप्ट संपल्यावर "मंग आता?" असं म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली. बरोबर होतं तिचं. आता शेवटी स्क्रिप्ट स्वतःच साइट उघडून बघते, पान खरंच आलं तरच पत्ता आणि पासवर्डच्या फाइलचं नाव छापते. "सक्सेसफुल" हा शब्द काढून टाकला आहे.

एक काम राहिलं आहे: नवीन देबियनवर जाताना काय करायचं. ते मी अजून करून पाहिलेलं नाही, दिवाळीच्या सुट्टीनंतर बघू. स्क्रिप्टची प्रिंटाउट डब्याच्या खाली पाकिटात ठेवली आहे, पेन ड्राइव्ह वॉर्डन मॅडमच्या कपाटात आहे, आणि दर रविवारी बॅकअप कॉपी करायची पाळी मेसच्या यादीशेजारी लावली आहे. या महिन्यात रूम नंबर १४.